फी माफ झाली, पण खानावळीचे काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



बारावीनंतरच्या शिक्षणाला सरकारकडून काय मदत मिळते ते सांगा, असे चिटणीसबाईंनी मला बजावले आहे. सगळ्या योजनांची यादी वाचू लागले तर तुमचा चहा निवून जाईल. म्हणून आपल्या घरांशी ज्याचा संबंध येतो तेवढेच बोलते.

सार्वजनिक पैशातून मुलांना शिकवायचे, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांना आधार दिला. लक्षात घ्या, वसतिगृहांना! खेड्यातल्या मुलाला फी एक वेळ परवडेल, पण त्याने शहरात राहावे कोठे आणि जेवावे काय, हे त्यांनी ओळखले होते. साताऱ्याला भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगातील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा मागे ठेवले नाही. पुढे १९४४ साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. १९५९ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांना फीची सवलत दिली. त्या ई. बी. सी. सवलतीवर शिकलेल्या काहीजणी आजही आपल्यात आहेत.

आता अलीकडचे. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने निर्णय काढला की, व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या इतर मागासवर्गीय, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींची शिक्षण फी व परीक्षा फी पूर्ण माफ. पूर्वी ती निम्मी माफ होती. अट अशी, की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवे आणि प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली तर ही माफी नाही. "जागा मिळतेय ना, मग घेऊन टाकू" असे म्हणण्यापूर्वी हे नीट विचारा. निर्णय चांगला आहे, आणि चांगल्याला चांगले म्हणायला आपले काही जात नाही.

पण माफ झाली ती फी. वसतिगृहाचे भाडे, डबा, पुस्तके आणि प्रवास बापाच्याच माथी राहतात. एस. टी. चेच बघा ना. अहल्याबाई होळकर योजनेत मुलींना पास मोफत, पण तो बारावीपर्यंत. ज्या वर्षी कॉलेज गावापासून लांब जाते, त्याच वर्षी पास संपतो! पुढे सवलतीचा पास मिळतो हे खरे, परंतु ज्या घरात दोन मुले शिकतात तिथे तेवढेही जड होते. मग मुलाला पाठवायचे आणि मुलीला "बाहेरून बी. ए. कर" म्हणायचे, असा हिशेब होतो. हा हिशेब कागदावर कोणी मांडत नाही. तो स्वयंपाकघरात होतो, आणि पुष्कळदा आपणच करतो.

शिष्यवृत्तीचा पैसा विद्यार्थ्याच्या खात्यात थेट जमा होतो, ही सोय झाली. मात्र तो पुष्कळदा वर्ष सरत आल्यावर येतो, आणि खानावळवाली बाई पहिल्या तारखेला पैसे मागते. मदत सत्राच्या आरंभी मिळावी, ही मागणी आपल्या मंडळाने लेखी करावी असे मला वाटते.

आय. टी. आय. बद्दल थोडे. कारागीर प्रशिक्षण १९५० पासून आहे, शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. तरीही वायरमन किंवा फिटर होणाऱ्या मुलीचे नाव काढले की आपल्या भुवया वर जातात. का जाव्यात? २०२४ मध्ये कार्यप्रशिक्षण योजना आली. बारावीला महिना ६ हजार, आय. टी. आय. किंवा पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार असे विद्यावेतन ठरले. पण ते ठरावीक महिन्यांपुरते. हातात कसब नसेल तर मुदत संपल्यावर मूल पुन्हा ओट्यावर बसते.

राहिले दाखले. उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा. शिवाय लागू असेल तिथे नॉन-क्रीमी लेयर आणि जात वैधता. आधार बँकखात्याला जोडलेले हवे. निकाल लागल्यावर धावपळ सुरू केली की तहसील कचेरीत रांगेतच जून जातो. म्हणून ही कामे एप्रिलमध्ये उरकावीत. आपल्यातल्या दोघीतिघींनी शनिवारी दुपारी मंडळाच्या खोलीत बसून फॉर्म भरून द्यावेत, आणि भिशीतून काही रक्कम खानावळीच्या पहिल्या दोन महिन्यांसाठी बिनव्याजी द्यावी. शिष्यवृत्ती आली की परत. चिटणीसबाईंनी यासाठी एक वही ठेवली आहे. यंदा ज्यांच्या घरी बारावीचे मूल आहे, त्यांनी जाताना तिच्यात नाव लिहावे.