खुष्कीचा मार्ग आणि बदललेला बेत



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि माझ्यासारख्याने समोर सतरंजीवर बसून ऐकावे, हाच आजवरचा परिपाठ. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे; पुढचे सारे कारखान्याच्या फाटकावर आणि मोफत वाचनालयात झाले. तेव्हा मी शास्त्र सांगणार नाही. पाठीवर पिशवी टाकून खुष्कीच्या मार्गाने एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या माणसाचा बेत वाटेत बिघडला तर त्याने काय करावे, एवढाच माझा विषय आहे.

विमानाने जाणाऱ्याला दोन टोके तेवढी दिसतात. मधला मुलूख ढगांखाली राहतो. खुष्कीने जाणाऱ्याला मात्र प्रत्येक नाक्यावर उभे राहावे लागते. एका देशाचा परवाना अमुक दिवसांचा, पुढच्याचा तमुक तारखेपर्यंतचा. आणि मध्ये बर्फ, पूर, बंड, साथ. एक कडी निखळली की सारी साखळी ढिली होते. अशा वेळी वाटा तीनच: थांबणे, वळणे किंवा परतणे.

थांबण्याचे उदाहरण घ्या. 1953 साली निकोला बुव्हिए हा लेखक आणि तिएरी व्हेर्ने हा चित्रकार, असे दोन स्विस तरुण फियाटच्या एका चिमुकल्या मोटारीतून पूर्वेकडे निघाले. इराणातील तब्रीझ येथे हिवाळ्याने त्यांना गाठले. त्यांनी कपाळाला हात लावला नाही. बुव्हिएने फ्रेंचच्या शिकवण्या धरल्या आणि दोघांनी सबंध हिवाळा त्या गावात काढला. पुढे 1963 साली बुव्हिएचे प्रवासाचे पुस्तक निघाले, त्यात या सक्तीच्या मुक्कामाला मोठी जागा आहे.

वळण्याचे उदाहरण त्याहून मोठे. इस्तंबूल, तेहरान, हेरात, काबूल, पेशावर, लाहोर, दिल्ली, काठमांडू या वाटेने 1960 ते 1980 च्या दरम्यान हजारो तरुण आले नि गेले. 1979 च्या फेब्रुवारीत इराणात क्रांती झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. ती जुनी वाट मोडली. तरीही काही प्रवासी दक्षिणेला वळले आणि झाहेदानहून बलुचिस्तानच्या वाळवंटातून क्वेट्ट्याला येऊ लागले. लांबचा, धुळीचा रस्ता. पण चालता होता.

आता परतण्याविषयी. 15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. 18 मार्च 1928 रोजी सुमारे 44,000 मैल तुडवून मुंबईत परतले ते तिघे: अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा. उरलेल्यांपैकी एक जण तेहरानहूनच मागे फिरला होता आणि एकाने अमेरिकेत घर केले. आपण त्या तिघांचा जयजयकार करतो, आणि तो योग्यच आहे. परंतु मी पडलो संघटनेतला माणूस. माझे मन तेहरानहून एकट्याने मागे वळलेल्या त्या तरुणाशी अडखळते. पाच सोबत्यांना पुढे जाऊ देऊन स्वतः मागे फिरायला काय कमी छाती लागली असेल?

हे मला पूर्वी कळत नव्हते. ज्या दिवशी कळले त्याची हकीगत सांगतो.

2018 साली मणिपुरातील मोरे येथून म्यानमारमध्ये पायी जाण्याची वाट आपल्या लोकांना खुली झाली. मोरे, तामू, मंडाले, म्यावड्डी आणि मोई नदीचा पूल ओलांडून थायलंडातील माए सोत. मोरे ते माए सोत जवळजवळ 1,360 किलोमीटर. मी दोन वर्षे पैसे साठवले. सोबतीला एक निवृत्त एस.टी. वाहक, मी त्यांना दादा म्हणतो. म्यानमारचा 28 दिवसांचा परवाना हातात घेऊन मार्च 2020 मध्ये आम्ही इंफाळला पोचलो, तो बातमी आली की साथीमुळे मोरेचे फाटक बंद झाले.

मी म्हणालो, "थांबू या. आठवड्यात उघडेल." संपाच्या पुढाऱ्याला माघार ठाऊक नसते ना! दादा म्हणाले, "अरे, घाट बंद झाला की गाडी डेपोत लावतात. घाटाच्या तोंडाशी प्रवासी भरून उभी करत नाहीत." रात्रभर आम्ही भांडलो. मी त्यांना भित्रे म्हणालो, याची आज लाज वाटते. शेवटी बंडीच्या आतल्या खिशात शिवलेले परतीचे भाडे त्यांनी काढून दाखवले नि विचारले, "हे कशासाठी शिवून घेतलंस?" सकाळी आम्ही गुवाहाटीची बस धरली.

मी घरी पोचलो आणि आठवड्याभरात, 25 मार्चला, सारा देश बंद झाला. आमच्या औद्योगिक वसाहतीत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडचे कंत्राटी मजूर होते. एक ठेकेदार पंधरवड्याची मजुरी बुडवून नाहीसा झाला. पीठ, तांदूळ, डाळ गोळा करायला आणि भाड्यासाठी तगादा लावणाऱ्या घरमालकांची समजूत घालायला मी तेथे होतो. इंफाळला हट्ट धरून बसलो असतो, तर कुठल्या तरी धर्मशाळेच्या खिडकीतून हे सारे नुसते ऐकत राहिलो असतो.

तरीही सगळ्यांना मला थांबवता आले नाही. काही जण पायी निघाले. मी म्हणालो, "थांबा, गाड्या सुटतील." एकाने विचारले, "कधी?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. श्रमिक गाड्या सुटल्या त्या 1 मे रोजी. तोवर ते किती चालले असतील, याचा हिशेब मांडायला आजही माझे मन धजत नाही.

बंधुभगिनींनो, बेत त्यांचाही बिघडला होता आणि माझाही. फरक एवढाच, की माझ्या बंडीत परतीचे भाडे शिवलेले होते आणि त्यांची मजुरी दुसऱ्याच्या खिशात होती. बेत बदलण्याची मुभा ही मनाच्या लवचिकपणावर थोडी आणि गाठीच्या पुंजीवर फार अवलंबून असते. खुष्कीने देश ओलांडणाऱ्या तरुणांना म्हणून मी तीनच गोष्टी सांगेन. परतीच्या भाड्याला हात लावू नका. दोन परवान्यांच्या तारखांमध्ये मोकळे दिवस ठेवा. आणि निघण्यापूर्वी सोबत्याशी ठरवा की एकाने परतायचे म्हटले, तर दुसरा त्याला भित्रा म्हणणार नाही.

1 फेब्रुवारी 2021 रोजी म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली. माझा तो परवाना केव्हाच बाद झाला. मंडाले मी पाहिले नाही. दादा आता थकले आहेत. भेटले की विचारतात, "काय रे, फाटक उघडलं का?" मी नाही म्हणतो आणि आम्ही दोघे चहा घेतो. त्याचे मला दुःख नाही. दुःख आहे ते त्या "कधी?"चे. प्रत्येक कष्टकऱ्याच्या गाठीला परतीचे भाडे असेल, तेव्हाच त्या प्रश्नाला उत्तर मिळेल. तोवर आमच्यासारख्यांचे काम संपलेले नाही.