सोमवारचं सार्वकालिक जीवन



मघाशी एकाने विचारलं, ‘तुमचं ते सार्वकालिक जीवन सोमवारी ऑफिसात काय कामाचं?’

मला केडगावच्या पंडिता रमाबाई आठवतात. बायबल मराठीत आणायला त्या हिब्रू, ग्रीक शिकल्या. १९२१ मध्ये एकुलती एक लेक, मनोरमा गेली. काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या. ग्रंथ छापून आला १९२४ मध्ये. आणि हे सगळं मुक्ती मिशनमधल्या मुलींचं जेवणखाण, शिक्षण बघत!

आमच्याकडे दर दोन आठवड्यांनी रिलीज. माझा कोड दोन वर्षांत पुसला जाणार; माणूस मात्र देवाला कायमचा हवा आहे, असं मी मानते. म्हणून शेजारची नवी मुलगी रडवेली दिसली, की आधी तिच्याशी बोलते. रिलीज तासभर लांबतो, मॅनेजर कुरकुरतात. यंदा बढती हुकली, ती कदाचित यामुळेच. असो, चहा गार होतोय.