हिवाळ्यातले न्हाणीघर



महाबळेश्वरी वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात;
चेंबुरात नळ गोठत नाहीत,
म्हणूनच आपण गाफील राहतो.

पहाटेचा गारठा झोंबू लागला,
की न्हाणीघराची खिडकी बंद होते,
आत गॅसचा गिझर पेटतो,
आणि अपुऱ्या प्राणवायूत जळणाऱ्या त्या ज्योतीतून
कार्बन मोनॉक्साइड हा वर्णहीन, गंधहीन, प्राणघातक वायू निर्माण होतो.

डोके जड होते.
शुद्ध हरपते.
हाक मारण्याचेही त्राण उरत नाही.

म्हणून कळकळीची विनंती: खिडकी उघडी ठेवा.
बादली भरा, गिझर बंद करा, मगच स्नानास बसा.
पुन्हा सांगतो, खिडकी उघडी ठेवा.

विजेच्या गिझरचा सुरक्षा-व्हॉल्व्ह ठिबकला,
तरी त्याचे तोंड बुजवू नका;
वाढलेला दाब तेथूनच बाहेर पडतो.

पावसाळ्याची ओल सरली आहे.
तरीही न्हाणीघराची भिंत ओलसर दिसली,
तर आतला जुना लोखंडी नळ गंजला असण्याचा संभव आहे;
प्लंबरला आताच बोलवा.