पुढच्याची ठेच लिहून ठेवा

संगणकावरचे बरेच मोठे प्रोग्रॅम सुरू होताना आधी एक साधी मजकुराची फाइल वाचतात. माहिती कुठे ठेवायची, कुणाला आत येऊ द्यायचे, बॅकअप किती वाजता घ्यायचा, हे सारे तिच्यात लिहिलेले असते. हिलाच कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात.

आपल्या बीड जिल्ह्यात ११ तालुके. तालुक्याच्या गावी पतसंस्थेत, महाविद्यालयात किंवा कारखान्याच्या कार्यालयात संगणक सांभाळणारा माणूस बहुधा एकटाच असतो. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढणारा तोच आणि सर्व्हर पाहणाराही तोच. तो नोकरी सोडून पुण्याला गेला, की नव्या माणसाच्या हाती उरते ती ही फाइल.

समजा, एका पतसंस्थेच्या फाइलमध्ये बॅकअपची वेळ पहाटे ५ लिहिली आहे. पण सर्व्हरचे घड्याळ आहे जागतिक प्रमाणवेळेवर. आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. म्हणजे बॅकअप सुरू होणार सकाळी साडेदहाला, नेमकी खिडकीपुढे रांग लागलेली असताना! उसाचे पैसे काढायला आलेला शेतकरी ताटकळतो आणि बोलणी बसतात कारकुनाला. दोष इतकाच, की ५ म्हणजे कुठले ५, हे फाइल सांगत नाही. तसेच नुसते ३० लिहिले, तर ते सेकंद की मिनिटे?

हे सोपे करता येते. १९८०च्या दशकात ई-मेल पोचवणारा सेंडमेल हा प्रोग्रॅम आला. त्याची फाइल एकेका अक्षराच्या आणि चिन्हांच्या नियमांनी भरलेली; जाणकारही तिला हात लावायला कचरत. पुढे १९९८ मध्ये वित्से वेनेमा यांचा पोस्टफिक्स आला. त्यात प्रत्येक गोष्टीचे सरळ नाव आणि पुढे तिचे मूल्य. नेहमीपेक्षा वेगळे असेल तेवढेच लिहायचे. कायकाय बदलले आहे, तेही एका आज्ञेत समोर येते.

एंजिनएक्स या वेब सर्व्हरला तर फाइल लागू करण्याआधी तपासून घेता येते. चूक कितव्या ओळीत आहे, हे तो सांगतो. रात्री एकट्याने काम करणाऱ्याला याचा केवढा आधार!

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी इतके करावे. उरलेले काम सांभाळणाऱ्याचे. बदल करण्यापूर्वी जुन्या फाइलची प्रत ठेवावी. बऱ्याच फाइलींत हॅशचे चिन्ह लावलेली ओळ संगणक सोडून देतो. ती माणसांसाठीच असते. तिथे तारीख घालून लिहावे: ही वेळ का बदलली, आधी काय अडले होते. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असे आपण म्हणतो. पण ठेच कुठे लागली हे पुढच्याने लिहूनच ठेवले नाही, तर मागचा शहाणा व्हायचा कसा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)