पाहणीची किंमत आणि सुरक्षेचे मूल्य
(व्याख्यानाचा संपादित भाग)



कुंभकोणम हे तमिळनाडूतील तंजावर जिल्ह्यातले मंदिरांचे शहर. 16 जुलै 2004 रोजी तेथील एका शाळेत आग लागून 94 बालके मृत्युमुखी पडली. स्वयंपाकघरातील आग गवती छपरापर्यंत पोहोचली आणि बाहेर पडण्याचा जिना अरुंद होता. हे दोष त्या दिवशी निर्माण झालेले नव्हते. डोळसपणे पाहणी झाली असती तर ते आधीच दिसले असते. पुढे 2009 मध्ये अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्कही अंतर्भूत असल्याचे स्पष्ट केले.

या दुर्घटनेचा अर्थशास्त्राला धडा असा की, सुरक्षा एकदाच विकत घेता येत नाही. ती नियमित पाहणीने टिकवावी लागते. नगरपालिकेच्या एका साध्या यंत्रावरून हे समजून घेऊ.

74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतील 18 विषयांत अग्निशमन सेवा आणि रस्त्यांवरील दिवाबत्ती यांचा समावेश आहे. दोन्ही कामांसाठी माणसाला पाळण्यातून उंच नेणारी, ट्रकवर बसवलेली हायड्रॉलिक शिडी वापरली जाते. रोज काम सुरू करण्यापूर्वी तिची तपासणी आवश्यक असते. तेलाची गळती, नळ्यांवरील चिरा, सांधे व वेल्डिंग, बाजूच्या जॅकखालची जमीन, आपत्कालीन उतरणीची व्यवस्था आणि कामगाराचा सुरक्षापट्टा या सर्व बाबी पाहाव्या लागतात. वीजवाहिन्यांजवळ वापरायच्या शिडीच्या विद्युतरोधक भागाची ठरावीक काळाने चाचणी घ्यावी लागते, कारण धूळ व ओलावा यांमुळे रोधकता घटते.

असे असूनही देखभाल मागे का पडते? यंत्राची खरेदी भांडवली खर्चात मोडते व ती लोकांना दिसते. नळी बदलणे, तेल घालणे, तपासनीसाचे मानधन हा महसुली खर्च. निधी अपुरा पडला की प्रथम हाच खर्च कमी होतो, कारण कपातीचे परिणाम लगेच दिसत नाहीत. शिवाय बचतीचा निर्णय कार्यालयात होतो, तर धोका पाळण्यातील कामगार पत्करतो. लाभ एकाला आणि जोखीम दुसऱ्याला, हाच येथील मूळ दोष आहे.

कायद्याने या दोषाची दखल पूर्वीच घेतली होती. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 28 नुसार कारखान्यातील लिफ्टची सक्षम व्यक्तीकडून दर सहा महिन्यांनी तपासणी व तिची नोंद बंधनकारक होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, 2020 ने घेतली. मात्र कारखान्याबाहेर, रस्त्यावर फिरणाऱ्या शिडीच्या बाबतीत वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र पुरेसे मानण्याची चूक होऊ नये. ब्रेक व टायर उत्तम असलेल्या ट्रकवरची शिडी सदोष असू शकते.

दर 12 वर्षांनी येणारा महामहम उत्सव कुंभकोणम येथे 2028 मध्ये भरेल. त्यासाठी नवी यंत्रे येतील, दिवे लागतील. तुमच्यापैकी जे उद्या प्रशासनात जातील, त्यांनी अशा वेळी यंत्रांची संख्या विचारून थांबू नये. तपासणीची नोंदवही मागवावी आणि शेवटचा दोष कोणता सापडला, तो केव्हा दूर झाला, हे विचारावे. ज्या नोंदवहीत वर्षानुवर्षे एकही दोष लिहिलेला नाही, तिच्याकडे अधिक काळजीपूर्वक पाहावे.