गुरूचे सोबती आणि लॉक न झालेलं पॅनल

लघुग्रह म्हटलं की आपल्याला मंगळ आणि गुरू यांच्या मधला पट्टा आठवतो. पण हजारो लघुग्रह चक्क गुरूच्याच कक्षेत फिरतात. एक टोळी गुरूच्या ६० अंश पुढे, दुसरी ६० अंश मागे. मग एवढा धिप्पाड ग्रह त्यांना भिरकावून का देत नाही?

याचं उत्तर लाग्रांज या गणितज्ञाने १७७२ मध्येच कागदावर काढलं होतं. सूर्य, गुरू आणि एखादी छोटी वस्तू यांचा समभुज त्रिकोण झाला, की त्या दोघांची ओढ मिळून तिला गुरूच्याच वेगाने, साधारण १२ वर्षांत एक फेरी मारायला लावते. ती थोडी सरकली तरी त्याच जागेभोवती घुटमळत राहते.

प्रत्यक्ष असा लघुग्रह सापडायला १९०६ उजाडलं. जर्मनीत माक्स वोल्फ यांना तो दिसला, नाव ठेवलं अकिलीस. पुढे ट्रॉयच्या युद्धातल्या वीरांची नावं द्यायची पद्धतच पडली. म्हणून यांना म्हणतात ट्रोजन.

ग्रह घडताना उरलेला हा माल जवळपास ४५० कोटी वर्षं तिथे पडून असावा, असं मानलं जातं. तो जवळून बघायला नासाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘लूसी’ यान सोडलं. आणि घोळ झाला! दोनपैकी एक गोल सोलर पॅनल उघडलं, पण लॉक झालं नाही. ओढणारी दोरी सैल पडली होती. गुरूपाशी ऊन आपल्यापेक्षा सुमारे २७ पट कमी, त्यामुळे पॅनलचा तुकडा न् तुकडा महत्त्वाचा.

मी कोड लिहितो. सर्व्हर बसला तर रात्री दोन वाजता उठून रीस्टार्ट मारतो. इथे माणूस पाठवायची सोयच नाही. २०२२ मध्ये टीमने मुख्य आणि बॅकअप, दोन्ही मोटर एकदम चालवल्या. ३६० पैकी ३५३ ते ३५७ अंश उघडलं. लॉक मात्र नाहीच. शेवटी २०२३ च्या सुरुवातीला ठरवलं, आता बास, असंच जाऊ दे.

मला हा निर्णय सगळ्यात अवघड वाटतो. दुरुस्त करण्यापेक्षा हात न लावणं कठीण असतं.

वाटेतले दोन लघुग्रह लूसीने याच पॅनलवर गाठले. पहिल्या ट्रोजनची, युरीबेट्सची भेट ठरली आहे ऑगस्ट २०२७ मध्ये. फोनमध्ये रिमाइंडर लावून ठेवा. मी लावलाय.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!