कापूस आमचा, कसबही आमचंच पाहिजे!
(अमरावतीच्या कामगार सभेतील भाषण)



आम्ही चौथी शिकलेली माणसं. हिशेब मागायला उभे राहिलो आहोत.

वऱ्हाडाचा कापूस इंग्रजाच्या राज्यात आगगाडीनं मुंबईला गेला, तिथून विलायतेला गेला, आणि कापड होऊन आमच्याच बाजारात विकायला आला. पिकवणारा गरीब राहिला, विणणारा श्रीमंत झाला. काहून? कसब त्याच्यापाशी होतं म्हणून. आणि कसब शिकवलं तरच येतं.

आम्ही कसं शिकलो ते ऐका. गिरणीत नवा साचा आला. त्याचं पुस्तक इंग्रजीत. बसवायला आलेल्या फिटरची बोली आम्हाला कळेना, आमची त्याला. दोन दिवसांनी तो गेला. मग सूत तुटू लागलं की आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहायचो. माल बिघडला की बोलणी आम्हीच खायची! आम्ही अडाणी नव्हतो. आमच्या भाषेत सांगणारा कोणी नव्हता.

मराठी राज्य यासाठीच मागितलं होतं. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात लिहिलं गेलं की, धंदेशिक्षणाच्या व शास्त्रीय शिक्षणाच्या संस्थांत प्रवेश लोकसंख्येच्या प्रमाणात मिळतील. १९५६ साली घटनेच्या ३७१ व्या कलमात तंत्रशिक्षणाच्या पुरेशा सोयींचा शब्द आला. १ मे १९६० ला राज्य झालं. त्या कलमाखालचं विदर्भाचं विकास मंडळ मात्र १९९४ साली उभं राहिलं, चौतीस वर्षांनी! ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदतही संपली.

वऱ्हाड हात बांधून बसलं नव्हतं. भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली इथंच श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. शेतकऱ्याचं पोट्टं शाळेत गेलं. आता त्याला यंत्रापाशी न्यायचं आहे.

२० सप्टेंबर २०२४ ला अमरावतीच्या पीएम मित्रा वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी झाली. आनंद आहे. पण अचलपूरची फिनले गिरणी २०२० च्या टाळेबंदीत थांबली, तेव्हा तिथले कसबी हात घरी बसले. म्हणून आमचं मागणं असं:

एक, यंत्राची पुस्तकं आणि शिकवणी मराठीत करा.

दोन, शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे. त्यातल्या पोरापोरींच्या हाती झाडू न देता यंत्र द्या, आणि शिकून झाल्यावर कामावर आधी घेण्याचं लेखी द्या.

तीन, जुन्या कामगाराला पगारी वेळेत नवं यंत्र शिकवा.

चार, थांबलेल्या गिरण्यांतल्या जाणत्या कामगारांना शिक्षक म्हणून घ्या.

बंधू-भगिनींनो, मराठी कारखान्यात साच्यापाशी पोहोचेल, तेव्हाच आपलं राज्य आपल्या दारी आलं म्हणायचं. नाहीतर फाटकावर पहारा आमचा, आणि आत साचा दुसऱ्याचा! हे चालू द्यायचं नाही. ही चार मागणी घेऊन गावोगाव जा.

जय महाराष्ट्र!